मंगळवारचं काय

रविवारची दुपार. डब्यातलं जेवण कसंबसं संपलंय आणि श्रीनिवास दिवाणावर आडवा झालाय. झोपायचं नाहीये त्याला. संध्याकाळी मेहुणी येणार, केतकीला कोल्हापूरला घेऊन जाणार, कायमची. त्याआधी लेकीशी चार शब्द बोलायचे म्हणून हा बाबा सकाळपासून नुसता घसा खाकरतोय. पण दुपारची झोप काय कुणाची परवानगी मागते? पंखा फिरतोय, आतल्या खोलीत केतकी कपाट उघडतेय, मिटतेय, एकेक कपडा बॅगेत जातोय. तो आवाज ऐकता ऐकताच त्याचा डोळा लागतो.

किंवा लागत नाही. कारण स्वयंपाकघरात नळ चालू आहे.

"मटकी भिजवलीत का?" आतून आवाज येतो.

दर रविवारी दुपारी या घरात हा प्रश्न यायचा. वैजयंती, म्हणजे त्याची बायको, बाकी कशाला त्याला हात लावू द्यायची नाही, पण रविवारी मटकी भिजवायचं काम त्याचं. रात्री ती फडक्यात बांधायची, सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड यायचे आणि रात्रीला उसळ. आषाढात वैजयंती गेली, तेव्हापासून कुणी विचारलेलं नाही.

तो उठून दारात जातो. ओट्याशी ती उभी आहे. घरातलीच सुती साडी, पदर खोचलेला, मनगटावर दवाखान्याची प्लास्टिकची पट्टी तशीच. गेलेलं माणूस समोर आलं की भीती वाटते म्हणतात. श्रीनिवासला मेली लाज वाटते, कारण ओटा कोरडा ठणठणीत आहे.

ती मिसळणाचा डबा उघडते, जिरं चिमटीत घेऊन हुंगते आणि परत टाकते. म्हणते, "डबा लावलात?"

"आपटेकाकूंचा. बरा असतो."

"केतू जेवते का?"

जेवते, असं तो म्हणतो. ती नुसती बघते. लग्नाच्या बायकोपुढे खोटं टिकत नाही, ती मेलेली असली तरी. मग तो खरं सांगतो. पोरगी पोळी वरणात बुडवते आणि उठते. कोल्हापूरला क्लास चांगले आहेत म्हणून जायचंय म्हणते, आणि आपणही हो हो म्हणतो. पण परवा शेजारी लसणाची फोडणी पडली, तर ही गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि वास विरेपर्यंत आत आली नाही. घर खायला उठलंय तिला, वैजू, आणि घरात खायला काही नाही.

"चला," ती म्हणते. पिशवी घेते आणि ओट्याच्या कडेनं चालू लागते.

ओटा संपतच नाही. त्याच्या काळ्या फरशीवर बाजार बसलाय. बायका पाट्या पुढ्यात घेऊन बसल्यात, पण ओरडत कुणीच नाही. पहिलीच्या पाटीत मटकी आहे. ही सोमवारवाली, हे श्रीनिवासला न सांगता कळतं. पुढच्या सगळ्या पाट्या रिकाम्या. तो प्रत्येकीपुढे वाकून बघतो आणि प्रत्येकजणी दुसरीकडे तोंड करते.

"यांच्याकडे काहीच कसं नाही?" तो विचारतो, आणि वळून बघतो तर बाजाराच्या टोकाला दवाखान्याची खाट आहे. वैजयंती खाटेवर बसून चादरीवर मेथी निवडतेय.

ही खाट त्याला पाठ आहे. इथंच तिनं त्याला जवळ बोलावलं होतं. आता आठवडाभर काय काय करायचं ते नीट ऐकून घ्या, म्हणाली होती. सोमवारी उसळ. मंगळवारी... आणि तेवढ्यात नर्स आली, तपासणीला घेऊन गेली, मग घशात नळी पडली आणि वैजयंती पुन्हा बोलली नाही. अख्खा आठवडा तिच्यापाशीच राहिला.

दिवसकार्य उरकल्यावर त्यानं सोमवारी उसळ केली. बरी झाली होती. मंगळवारी तो गॅससमोर अंधार पडेपर्यंत उभा राहिला. लग्न झाल्यापासून दर मंगळवारी तो या घरात जेवला होता, आणि काय जेवला ते त्याला आठवेना. खाणाऱ्याच्या ध्यानात चव राहते, वार राहत नाही. शेवटी त्यानं तयार मोड आलेल्या मटकीचं पाकीट आणलं आणि पुन्हा उसळ केली. बुधवारीही उसळ. केतकीनं ब्र काढला नाही, पण गुरुवारी ताटावर बसलीच नाही, आणि शुक्रवारपासून डबा सुरू झाला.

"मंगळवारी काय, वैजू?" तो खाटेच्या कठड्याला धरून विचारतो. "तेवढं सांग. आज पोरगी चाललीय."

ती हसते. किती दिवसांनी.

"एवढ्यासाठी डबा लावलात? अहो, सोमवारची उसळ थोडी उरवायची. मंगळवारी त्यातच तांदूळ टाकायचे, की झाला मटकीभात. तो जरा जास्त करायचा, की बुधवारी..."

"पण उरलीच नाही. मी अगदी मोजून केली. वाया जाऊ नये म्हणून."

"तिथंच चुकलं तुमचं. हातचं राखून रांधलं की उद्याला काय राहणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

असं म्हणून ती त्याचा उजवा हात धरते. खाट नाही, बाजार नाही, आपलंच स्वयंपाकघर आहे आणि मटकीची बरणी उघडी आहे. ती त्याचा हात बरणीत घालते, मूठ मिटवते आणि पातेल्यावर नेऊन सोडते.

"ही तुमची."

दुसरी मूठ. "ही केतूची."

तिसरी मूठ भरताना तिची बोटं त्याच्या बोटांवर घट्ट बसतात. गार आहेत. "आणि ही उद्याची."

तो चौथ्यांदा हात बरणीत घालतो. ती तो अलगद बाहेर काढते.

"तुझी राहिली," तो म्हणतो.

"माझी कशाला आता?"

ती नळ सोडते. पातेलं भरायला लागतं, मटकीचे दाणे गरगर फिरून खाली बसतात. श्रीनिवास रडतोय. तिला ते दिसतंय, पण ती पाण्याखालचा हात काढत नाही आणि त्याचाही काढू देत नाही. त्याला वाटतं, हे पातेलं कधी भरूच नये. मग ती नळ बंद करते.

पंखा फिरतोय. श्रीनिवास दिवाणावर उठून बसतो. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली आहे आणि तळव्याला मटकीचा एक दाणा चिकटलाय.

तो अनवाणी स्वयंपाकघरात जातो. ओट्यावर बरणी उघडी आहे. शेजारी पातेलं, पातेल्यात मटकी, वर बोटभर पाणी. केतकी बॅग खांद्याला लावून पातेल्यापुढे उभी आहे.

"हे तू भिजवलंस?"

"तीन मुठी," तो म्हणतो.

"बाबा, मी आज जातेय. एकट्याला तीन मुठी कशाला?"

"उरू दे. मंगळवारी त्यात तांदूळ टाकायचे."

केतकीच्या खांद्यावरचा पट्टा घसरतो.

"मटकीभात," ती हळूच म्हणते.

श्रीनिवास विचारतो, "तुला माहीत होतं?"

"सगळे वार माहीत आहेत मला. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुला आईचा विषयच काढायचा नाहीये."

त्याला खूप बोलायचं आहे, सकाळपासून ठरवलेलं सगळं. पण तळव्यावरचा दाणा तो पातेल्यात सोडतो आणि विचारतो, "बुधवारी काय असतं गं?"

केतकी बॅग जमिनीवर ठेवते, चेन उघडते आणि कपड्यांच्या तळाशी हात घालते. बाहेर येतं ते आईच्या जुन्या साडीचं फडकं, मटकी बांधायचं, हळदीच्या डागांचं. ती ते सोबत नेणार होती.

घडी उलगडून ती फडकं पातेल्याशेजारी ठेवते.

"रात्री बांधायला लागेल," ती म्हणते.