पाठीवरची रेघ

धुळ्याच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये मी आठवड्यातून दोनदा शरीररचना शिकवते. बाकीचे दिवस माझं फिजिओथेरपीचं छोटंसं क्लिनिक असतं. पहिल्या तासाला मी एका मुलीला पुढे बोलावते आणि उभी करते. पाय जुळवलेले, नजर समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे. ह्याला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. मुली हसतात. यंदा एकीने विचारलं, "मॅडम, असं कोण उभं राहतं?"

"कोणी नाही राहत," मी म्हटलं. "पण माणूस झोपलेला असो, नाहीतर ओणवा, पुढची बाजू, मागची बाजू, वर, खाली हे सगळं ह्या उभ्या माणसावरूनच ठरतं. लिहून घ्या, नुसतं हसू नका."

त्यांनी लिहून घेतलं. माझे वडील तेव्हा दोन महिने उभे राहिलेले नव्हते. ते परत उभे राहतील का, हा एकच प्रश्न आमच्या घरात तेव्हा होता आणि अजूनही तोच आहे. वर्गात मी हे कशाला सांगू? मी फळ्याकडे वळले आणि फ्लेक्शन, एक्स्टेन्शन लिहायला घेतलं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. नरडाण्याच्या रेल्वे मालधक्क्यावर ते हमाली करायचे. वॅगन लागली की खताची पोती उतरवायची आणि ट्रकात भरायची. डोक्यावरून पाठीवर पोत्याची खोळ, कमरेत वाकलेले, मान पुढे आणि पाठीवर पन्नास किलो. कमरेत वाकणं म्हणजे फ्लेक्शन, सरळ होणं म्हणजे एक्स्टेन्शन. हे दोन शब्द मला पुस्तकाआधी कळले होते, फक्त त्यांची नावं माहीत नव्हती.

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला पाठीचे स्नायू काही केल्या माझ्या डोक्यात शिरेनात. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. आबा उघड्या अंगाने ओट्यावर बसले होते, तर मी बॉलपेन घेतलं आणि सरळ त्यांच्या पाठीवरच आखायला लागले. मानेपासून खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत ट्रॅपेझियस, पतंगासारखा. त्याच्या खाली, काखेपासून कमरेपर्यंत पसरलेला लॅटिसिमस डॉर्साय. खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधे रॉम्बॉइड. मणक्याच्या दोन्ही अंगांनी खालून वर गेलेले, दोरखंडासारखे इरेक्टर स्पायनी. ते दोरखंड आबांच्या पाठीवर बोट ठेवून मोजता यायचे. पुस्तकातल्या चित्रातही दिसत नव्हतं, इतकं स्वच्छ त्यांच्या पाठीवर दिसत होतं.

आबांना गुदगुल्या होत होत्या. "बठ्ठा मसल मनाच शेतस का?" त्यांनी विचारलं.

"हे सगळे मसल सगळ्यांनाच असतात, आबा. तुमचे दिसतात एवढंच."

दुसऱ्या दिवशी ते आंघोळ न करताच कामावर गेले. रेघा पुसल्या जातील म्हणून. धक्क्यावरच्या हमालांनी दिवसभर त्यांची टिंगल केली, की पोरीनं बापाच्या पाठीवर सात-बारा काढला. आबांनी घरी येऊन ते आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या वर्षीच्या परीक्षेत पाठीच्या प्रश्नात मी एकही चूक केली नाही.

आता पायाचं सांगते. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे माझं बालपण गल्लीतल्या लोकांच्या पाठींवर गेलं. सकाळी दात घासायच्या आत कोणीतरी दारात कमरेला हात धरून उभं असायचं. ते पालथे झोपायचे, मी डावा पाय तीन वेळा टेकवायची आणि शाळेत जायची. मोबदल्यात कधी गूळ मिळायचा, कधी नुसतं "बाई, बरं वाटलं."

आबांची उसण तर महिन्यातून एकदा ठरलेलीच होती. बापाला पाय लावणं पाप, म्हणून पाय लावून झाला की लगेच मी त्यांच्या पाया पडायला वाकायची. पण लेकीने बापाच्या पाया पडायचं नाही, हीही आमच्याकडचीच रीत. मग मी वाकले की आबा झटकन पाय मागे ओढायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ दे व माय." लहानपणी हा माझा खेळच होता. मी चपळाईने हात घालायची, ते त्याहून चपळाईने पाय घ्यायचे. एकदाही माझा हात त्यांच्या पायाला लागला नाही.

शिकून क्लिनिक टाकलं आणि मी ह्या लाथाळीची कट्टर विरोधक झाले. कंबरदुखीचा पेशंट आला आणि त्याने आधी पायाळूकडे जाऊन आल्याचं सांगितलं की मी त्याला असं काही झापायची की बाहेर बसलेले गप्प व्हायचे. मणक्यात काय झालंय हे न बघता त्यावर पाय देता? उद्या पाय लुळे पडले तर कोणाकडे जाल? हे मी कितीतरी लोकांना सांगितलंय. शब्दही असेच.

आणि रविवारी नरडाण्याला घरी गेले की आबा म्हणायचे, "माय, जरासा पाय लाव ना. उसण भरनी शे."

मी लावायची. का, ते सांगते, लपवण्यात काही अर्थ नाही. मला आवडायचं. डिग्रीला, क्लिनिकला, पांढऱ्या कोटाला आबांच्या लेखी तेवढी किंमत नव्हती, जेवढी माझ्या डाव्या पायाला होती. मी मशीन लावू म्हटलं, व्यायाम शिकवले, तर ते हो हो म्हणायचे आणि करायचे काहीच नाही. पाय लावला की उठून बसायचे आणि म्हणायचे, "बठ्ठं बरं व्हई गयं." बापाने एवढं म्हटल्यावर कोणती मुलगी नाही म्हणेल?

गेल्या वर्षी मात्र महिन्याची उसण आठवड्यावर आली. दर रविवारी पाय, असं तीन महिने चाललं. आबा वाळत होते. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, आई म्हणायची, ऊन लागलं असेल. हमालाची पाठ दुखणार नाही तर कोणाची दुखणार, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कोणाला अशी पाठदुखी आणि असा ताप असता, तर त्याच दिवशी मी त्याला एक्स-रे काढायला पिटाळलं असतं.

एका रविवारी आम्ही तिघं किराणा घ्यायला निघालो होतो. आबा पुढे चालत होते. त्यांची एक चप्पल पायातून निघाली आणि मागे रस्त्यातच राहिली. ते तसेच पुढे गेले, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, बोलत बोलत. पंचवीसेक पावलं गेले असतील. आईने चप्पल उचलली आणि मागून ओरडली, "चप्पल बी सांभायता येत नही का?" आबांनी वळून पायाकडे बघितलं आणि ते हसले. आई हसली. मीही हसले.

पायातली चप्पल निघालेली कळत नाही, ह्याचा अर्थ काय हे मी पोटासाठी शिकलेली बाई. तरी हसले. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दहा दिवसांनी आबा सकाळी अंथरुणातून उठायला गेले आणि पाय उचलले गेले नाहीत. धुळ्याला एमआरआय झाला. पाठीच्या मधल्या दोन मणक्यांत टीबी होता, मणके खचून आतल्या मज्जारज्जूवर दाब आला होता. जळगावला ऑपरेशन झालं. डॉक्टर भले होते. म्हणाले, "दाब काढलाय, औषधं चालू आहेत. संवेदना खाली उतरत गेली तर पाय येतील. वाट बघा." घरी कोणी पाठीला काही केलं होतं का, मालिश वगैरे, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. ते लिहून घेऊन पुढच्या पेशंटकडे गेले.

मला रडू आलं नाही. फार काही वाटलंच नाही. दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसून मी दोन वडे खाल्ले, चहा घेतला आणि आईसाठी पाव बांधून घेतले.

आबांना आणि आईला मी धुळ्याला माझ्या घरी आणलं. रोज सकाळी क्लिनिकला जायच्या आधी आबांना तपासते. कापसाचा बोळा छातीपासून खाली आणत जायचं आणि विचारायचं, "कळतंय?" ते "हां" म्हणतात, "हां" म्हणतात, आणि बोळा बेंबीजवळ आला की गप्प होतात. पाठीकडूनही त्याच उंचीला गप्प होतात. तिथे मी बॉलपेनने आडवी रेघ मारते. रेघ खाली सरकली तर पाय येणार. रोज नवी रेघ कालच्या रेघेवर बसते, आता ती चांगली जाड झालीये. इरेक्टर स्पायनीचे दोरखंड आता दिसत नाहीत, मणके दिसतात.

पहिल्या आठवड्यात आबांनी विचारलं होतं, "कितली खाले उनी?" मी थोडी आली म्हटलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

परवा रविवार होता. आई आणि मी त्यांना कुशीवर वळवलं, खांदा आणि कंबर एकदम, मधे पीळ न पडता, जसं मी मुलींना शिकवते तसं. पाठ पुसली, पावडर लावली. आई पाणी टाकायला मोरीत गेली. आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माय, पाय लाव ना."

मी नाही म्हणणार होते. खरंच. मग खाटेला खेटून स्टुलावर बसले, डावा पाय उचलला आणि रेघेच्या बऱ्याच खाली, कमरेच्या एका अंगाला टेकवला. नुसता तळवा, वजन अजिबात नाही. एकदा, दोनदा, तीनदा. कातडी गार होती.

आबा वाट बघत होते. मग म्हणाले, "लागना का पाय?"

"लागला, आबा. तिन्ही वेळा."

"बरं व्हई गयं," ते म्हणाले.

मी उठले आणि सवयीने खाटेच्या पायथ्याशी गेले. वाकले, हात पुढे केले आणि थांबले, आता ते पाय ओढतील म्हणून. पाय तिथेच होते. माझे दोन्ही हात त्यांच्या पावलांवर टेकले. टाचा खरखरीत होत्या, धक्क्यावर फुटलेल्या, अजून भरल्या नव्हत्या. आबांना काही कळलं नव्हतं, ते भिंतीकडेच बघत होते. मी बराच वेळ हात काढले नाहीत.

"पडनी का पाया?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही अजून."

"ऱ्हाऊ दे व माय," आबा म्हणाले.