लाल ठिपक्याचा प्लग

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजता पांढुर्ण्याच्या कारखान्यात माझा भाऊ ड्रिल मशीन हातात असताना करंट लागून मेला. मी तेव्हा सौंसरला शाळेत मुलांना शिकवत होते.

कारखाना दरवाजे-खिडक्यांचा. भाऊ तिथे मिस्त्री होता आणि बिघडलेल्या मशिनीही तोच दुरुस्त करायचा. ही ड्रिल त्याने आदल्याच आठवड्यात आमच्या घरी, माझ्यासमोर दुरुस्त केली होती. जुनी वायर काढून नवी घातली. लाल आणि काळी करंटची. हिरवी मशीनच्या लोखंडी अंगाला, म्हणजे आत कुठे करंट फुटला तर तो जमिनीत जावा. मग तीन पिनांचा प्लग बसवला आणि लाल वायरच्या बाजूला, प्लगच्या पाठीवर, माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

"दादा, काय करून राहिला? बाटली संपवशील माझी."

"तुह्या बोटापेक्षा इथं जास्त कामाची हाय. उद्या कोणी खोलला तर समजन, कोणती कुठं होती."

आठ दिवसांत शेठचं म्हणणं गावभर झालं. मशीन मिस्त्रीनेच दुरुस्त केली, चूक मिस्त्रीची. त्यात अनवाणी उभा होता. पंचनाम्यातही हेच आलं. अनवाणी! चपला दाराबाहेर काढायचा नियम शेठचाच. मशीन म्हणजे लक्ष्मी, तिच्यापाशी चपला चालत नाहीत, असं सांगून त्याने एकदा माझ्या भावालाच दारातून परत पाठवलं होतं.

कामगार त्या ड्रिलला हात लावेनात, म्हणून मी मागितल्यावर शेठने ती लगेच दिली. घरी आणून बघते तर वायरीला प्लगच नव्हता. टोकं सोललेली, आणि हिरवी-काळी एकत्र पिळलेली.

भावाचा टेस्ट लॅम्प काढला. बल्ब, सेल आणि दोन टोकं, टोकांमध्ये करंटला वाट मिळाली की पेटतो. एक टोक काळ्या वायरीला, दुसरं मशीनच्या अंगाला लावलं. बल्ब पेटला. मग तो पीळ सोडवला आणि पुन्हा लावलं. पेटला नाही. लाल वायरीवर, बटण दाबूनही, पेटला नाही. फक्त हिरवीवर पेटला, आणि तिथे तो पेटायलाच हवा होता. मशीनच्या आतलं भावाचं काम चोख होतं. मी खुर्चीवर बसले. रडू आलं नाही, राग आला.

कोणीतरी प्लग काढून घेतला होता. मग आमच्याकडे सगळे करतात तसं, उघडी टोकं सॉकेटच्या दोन भोकांत काडेपेटीच्या काड्यांनी ठोकली होती. तिसरी वायर वाया कशाला घालवायची, म्हणून काळीला पिळली. पीळ न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत जायच्या, भोकात असेपर्यंत मशीन चालली, कोणाला काही कळलं नाही. त्या मंगळवारी टोकं उपसली आणि उलटी खोचली, पीळ करंटच्या भोकात गेला. तशीही मशीन चाललीच असती. फक्त तिचं सगळं लोखंड करंटवर आलं.

मी कारखान्यात गेले आणि हे सगळं शेठला सांगितलं.

"मास्तरीणबाई, तुम्ही पोराइले पाढे शिकवा. करंटमधलं तुमाले काय समजते?"

"हिरवी काळीला कोणी पिळली, तेवढं सांगा."

"कुठं हाय पीळ? दाखवा ना."

पीळ मीच सोडवला होता. तपासायच्या नादात, साक्षीला कोणी नसताना. शेठच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी खाली बघितलं. टेबलाखालच्या सॉकेटमध्ये त्याच्या पंख्याचा प्लग होता. त्यावर लाल ठिपका होता.

"हा प्लग ड्रिलचा आहे."

त्याने खाली बघितलं. "पंख्याचा तुटला होता. गरमी किती होऊन राहिली, तुमाले दिसत नाई का?" त्याला लाजही वाटली नाही. वाऱ्याने त्याचे कागद उडत होते, ते तो दाबत बसला.

मी ठाण्यात अर्ज दिला. पंचनामा झालेला आहे, बाई, एवढंच उत्तर मिळालं. अर्ज पुन्हा दिला, पुन्हा तेच.

पंचनाम्यात अजून माझ्या भावाची चूक लिहिलेली आहे. ड्रिल माझ्या कपाटात आहे. तिला प्लग नाही.