गाळलेली बाटली

आमच्या साखर कारखान्यात बेल्जियमची सोनेरी बिअर आली, तेव्हा तिची खरी चव ज्या एका माणसाला कळली, त्याला स्वतःची सही करता येत नव्हती. ते आमचे पॅनमन. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मीही. उसाचा रस आटवून पाक करायचा आणि त्या पाकात साखरेचा दाणा धरायचा, हे काम ज्या भल्यामोठ्या बंद भांड्यात होतं त्याला पॅन म्हणतात. त्या पॅनवर जो उभा राहतो, तो पॅनमन. चेअरमन व्हायला तालुक्यात पन्नास जण तयार असतात, पण चांगला पॅनमन शोधून सापडत नाही.

मी तिथं लॅबमध्ये केमिस्ट होतो. बी.एस्सी. पास, वय सव्वीस, आणि अक्कल वयाच्या मानानं जरा कमीच. माझ्या समाजातल्या माणसाला ‘साहेब’ म्हणताना जीभ जड होणारे लोक कारखान्यात होते. मामा मात्र पहिल्या दिवसापासून मला केमिस्ट सायब म्हणत आणि आपल्याच बशीतला चहा माझ्या पुढ्यात सरकवत. त्यांच्याविषयी मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

साल दुष्काळाचं होतं. उमरग्याकडून हायवेनं येताना दोन्ही बाजूंना काळी भेगाळलेली रानंच दिसत. अर्धा ऊस लोकांनी जनावरांना घातला होता आणि उरलेला कारखान्याच्या गव्हाणीत, मोळ्या टाकायच्या पट्ट्यावर, आला तो बोरूसारखा. त्याचा रस थोडा, आणि तोही चिकट. त्यातच संचालक मंडळानं पॅनसाठी एक यंत्र मागवलं. पाक किती घट्ट झाला ते काट्यावर दिसणार, आणि साखर तयार झाली की घंटा वाजणार. ते बसवायला बेल्जियमचा एक इंजिनियर आला. उंच, आणि उन्हानं गाजरासारखा लाल झालेला. यंत्राची चाचणी पास झाली, तर शाळेचा दाखलाही नसलेल्या मामांना हंगाम संपल्यावर घरी बसवायचं, असं एमडी साहेबांनी उघड सांगून टाकलं होतं. यंत्र आणि पॅनमन दोघांना कशाला पोसायचं, हा त्यांचा हिशेब. मामांना हे ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, “घंटा वाजंल तवा वाजंल. तवर दाणा धरू द्या.”

पाहुण्यानं ट्रंकेतून मोज्यात गुंडाळून दोन बाटल्या आणल्या होत्या. त्या माझ्याकडे देत म्हणाला, “चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पिऊ. आणि ज्या माणसाची जागा माझं यंत्र घेणार आहे, त्यालाही बोलवा. त्याला न भेटता जाणं बरं नाही.” मला तो माणूस तिथंच आवडला.

बर्फ कुठून आणणार? ओल्या पोत्यात गुंडाळून बाटल्या खिडकीच्या वाऱ्याला ठेवल्या. दुपारी एक उचलून उजेडाकडे धरली. आत ढग होते, आणि बुडाशी पांढुरका गाळ. साखर कारखान्यातल्या माणसाला गढूळ म्हणजे घाण, एवढंच शिकवलेलं असतं. चुना घाला, गंधकाचा धूर द्या, गाळा, काहीही करा, पण रस नितळ दिसला पाहिजे. मला वाटलं, आपल्या उन्हानं परक्या माणसाची वस्तू नासवली. गावाची अब्रू वाचवायची म्हणून मी बाटली उघडली. निम्मा फेस टेबलावर सांडला. उरलेली बिअर फिल्टर पेपर लावून थेंब थेंब गाळली, तासभर. शेवटी बीकरमध्ये अशी नितळ सोनेरी बिअर उभी राहिली की मी स्वतःवरच खूश झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आमच्या घरी माझ्यासाठीच वापरायचे.

पाच वाजता पाहुणा आला. पाठोपाठ पाळी संपवून, हातपाय धुऊन मामा आले. मी ऐटीत बीकर पुढे केला. पाहुण्यानं घोट घेतला आणि त्याचा चेहरा पडला. पण सभ्य माणूस, त्यानं मान डोलावून बीकर मामांकडे दिला. मामांनी पॅनचा नमुना चाखतात तसा जिभेच्या शेंड्यावर एक थेंब घेतला, डोळे मिटले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सायब, ह्यातला जीव कुटं गेला?”

मी मान खाली घालून गाळणीचा सगळा प्रताप सांगितला. पाहुणा हसत सुटला. डोळे पुसत म्हणाला, “ते ढग म्हणजे यीस्ट. बाटलीतली बिअर त्यामुळेच जिवंत राहते. आणि हे यांना एका थेंबात कळलं?”

मग दुसरी बाटली त्यानं स्वतः उघडली. ग्लास तिरपा धरून इतक्या सावकाश ओतली की बघत राहावं. रंग पिकल्या गव्हाच्या लोंबीचा, वर दोन बोटं पांढरा फेस, आणि तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर चढत होत्या. इतकी देखणी वस्तू मी त्या सालात दुसरी पाहिली नाही.

मामांनी आधी नुसता वास घेतला. ते सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या गावचे. वडील ओढ्याकाठची शिंदीची झाडं छेदून त्यांचा रस उतरवायचे, आणि पहाटेची गोड शिंदी दुपारपर्यंत कशी आंबट होते, हे पाहतच मामा मोठे झाले. पुढं हैदराबादेकडच्या एका जुन्या मिलमध्ये साखर शिकले. त्यांच्या नाकाला दोन्ही शाळांचं वळण होतं.

“भाकरीचा पापुद्रा हाय,” ते म्हणाले. मी इंग्रजी करून सांगत होतो. “कच्च्या पेरूची साल हाय. लांबून येक लवंग.” मग घोट घेऊन तो तोंडात फिरवला. “सायब, ह्यांना इचारा. ह्यात साखर घातली व्हती का? लई घातली आसंल. आता न्हाय ती. कुनीतरी खाऊन गेलंय. गोड वास तेवढा मागं ऱ्हायलाय.”

मी हे सांगितलं तेव्हा पाहुण्यानं ग्लास खाली ठेवला. म्हणाला, “माझ्या गावात लोक जन्मभर ही पितात आणि म्हणतात, हिच्यात मध आहे. मध नसतो. उकळत्या भांड्यात साखर टाकतात, यीस्ट ती सगळी खातं, म्हणून बिअर जोरदार असूनही अंगानं हलकी राहते. हे मला कुणी सांगितलं म्हणून माहीत. यांना कुणी सांगितलं?”

“जिबंनं,” मामा म्हणाले.

आता माझं सांगतो. आई बुद्धविहारात पंचशील म्हणायची तेव्हा मी तिच्याशेजारी हात जोडून म्हणालेलो आहे, आणि पाचवं शील दारूचं. तरीपण केमिस्टचा जीव राहवेना. एक घोट तोंडात घेतला, मामांसारखा फिरवला आणि बेसिनमध्ये थुंकला. आधी गव्हाचा मऊपणा, मग पेरू, मग लवंग, आणि शेवटी जीभ अशी कोरडी, स्वच्छ की पुन्हा घोट घ्यावासा वाटावा. मामांनी बोट दाखवलं नसतं तर मला यातलं काहीही कळलं नसतं. पुढं पुष्कळ वर्षांनी ही बिअर मी गिळलीही, ते आईला कधी सांगितलं नाही.

निघताना मामांचं लक्ष कचऱ्याच्या डब्याकडे गेलं. माझा फिल्टर पेपर त्यात पडला होता, त्यावर फिक्या चिखलासारखा गाळ. त्यांनी तो उचलला. मी म्हणालो, “मामा, ती घाण आहे, मेलेली.”

“मेलं न्हाय सायब. उपाशी हाय,” ते म्हणाले. थोडा उसाचा रस मागून घेतला, गाळ त्यात कालवून रिकाम्या बाटलीत ओतला, तिच्या तोंडाला फडकं बांधलं, ती लॅबच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेले.

सकाळी लॅब उघडली तर फडक्यातून फेस वर आला होता. मी पाहुण्याला हाक मारली. दोघेही त्या बाटलीकडे बघत उभे राहिलो. त्यानं एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दहा वाजता चाचणी. चेअरमन, एमडी आणि चार संचालक पॅनसमोर खुर्च्या टाकून बसले होते. मामांना बाजूला स्टुलावर बसवलेलं, कशाला हात लावायचा नाही अशी ताकीद देऊन. काटा चढत गेला आणि खणखणीत घंटा वाजली. संचालकांनी टाळ्याही वाजवल्या. आता पॅन खाली सोडायचं, म्हणजे आतला सगळा माल खाली उतरवायचा.

“आजून कच्चं हाय,” मामा बसल्या जागेवरून म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा,” एमडी म्हणाले.

पाहुण्यानं मला विचारलं, काय म्हणताहेत? मी सांगितलं. “आणि तुमची लॅब काय म्हणते?”

माझ्या हातातल्या कागदावरचे आकडे काट्याशी तंतोतंत जुळत होते. तेवढं वाचून दाखवलं असतं तर माझी नोकरी सुखात राहिली असती आणि मामांची गेली असती. मी म्हणालो, “लॅब घंटेच्या बाजूनं आहे. पण काल याच लॅबनं तुमची बिअर गाळली. मी मामांच्या बाजूनं आहे.”

एमडींची नजर मी आजही विसरलेलो नाही. पाहुण्यानं मात्र पॅन सोडणाऱ्या माणसाला हातानं थांबवलं, नमुना काढायचा दांडा घेतला आणि दोन्ही हातांनी मामांना दिला. मामांनी काचेच्या पट्टीवर पाक पसरला, उजेडाला धरला, मग उजव्या अंगठ्यानं आणि बोटानं चोळला. “ही चिकटाई हाय, दाना न्हाय. औंदाचा ऊस तसलाच. यंतराला चिकट म्हंजे घट्ट वाटतंय. आत्ता सोडलं तर बारीक दाना जाळीतनं मळीसंगं वाहून जाईल. समदं पॅन वाया.”

ते पॅनवर उभे राहिले. अर्धा तास नमुने काढून चोळत राहिले. मग त्यांनीच सांगितलं, सोडा. जी साखर उतरली तिचा दाणा असा एकसारखा आणि टपोरा होता की चेअरमन खुर्चीतून उठून चिमूट तोंडात टाकायला आले.

पाहुण्यानं संध्याकाळपर्यंत अहवाल लिहिला. असल्या कोरड्या सालाच्या उसावर हे यंत्र एकट्यानं चालवू नये. काटा पॅनमनच्या हाताप्रमाणे लावावा, आणि तो माणूस कायम ठेवावा. स्वतःच्याच यंत्राविरुद्ध असं लिहायला छाती लागते. एमडींनी वाचून तो चेअरमनकडे सरकवला, चेअरमननी मान डोलावली. शेवटी, चाचणी माझ्यासमोर झाली, अशी मामांची सही हवी होती.

कारकुनानं शाईचं पॅड पुढं केलं आणि घाईत मामांचा उजवा हात धरला. मामांनी तो झटकन मागं घेतला, मूठ मिटली आणि डावा हात पुढे केला.

“ह्यो न्हाय सायब,” ते म्हणाले. “ह्यो उद्याला कामाला लागतोय.”