तीन लाल टाके

गोदा भुवड रत्नागिरीच्या रामआळीत लवू मास्तरांच्या दुकानात सोळा वर्षं शिवत होती, आणि रामआळीला तिचं नावही ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, पुढे मेजाशी मास्तर, मध्ये फुलाफुलांचा पडदा आणि पडद्याआड गोदा. मापाचं पोलकं मास्तर ठेवून घ्यायचे, कापड मास्तर बेतायचे, आणि शिवून अंगात चपखल बसलं की बायका म्हणायच्या, "मास्तरांचा हात म्हणजे हात हो!" मास्तर खुशाल मान डोलवायचे. नजर अधू झाल्यापासून आठ वर्षांत त्यांनी सुईत दोरा ओवला नव्हता.

मास्तर वाईट नव्हते, हेही सांगून टाकते. गोदाचा बाप गेला तेव्हा ह्याच माणसानं तिला मशीनवर बसवलं, शिवणाच्या सरकारी परीक्षेला पाठवलं. फक्त दुकानातून बाहेर पडणारं प्रत्येक काम "माझं" म्हणायची त्यांना खोड होती, आणि त्यात आपण काही खोटं बोलतो असं त्यांना कधी वाटलंच नाही.

दुकानाची एक खूण होती. गळपट्टीच्या आतल्या बाजूला तीन लाल टाके. गावातल्या मुलींच्या शाळेचे गणवेश दरवर्षी ह्याच दुकानात शिवले जात. सगळे एकसारखे, मग उसवल्याची तक्रार आली की कपडा आपला की दुसऱ्या कुणाचा हे दुकानाला आणि शाळेलाही कळावं म्हणून ती खूण. मापं शाळेतून कागदावर लिहून येत, त्यामुळे शाळेनंही गोदाला कधी पाहिलं नव्हतं. लाल दोरा ओवलेली सुई मात्र तिच्या पोलक्याला कायम खोचलेली.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात त्याच शाळेची जाहिरात आली. शिवण शिक्षिका पाहिजे, वय पस्तिसाच्या आत, सोबत स्वतः शिवलेला एक नमुना. श्रावणात गोदाला पस्तीस पुरी होत होती. म्हणजे ही पहिली संधी, आणि हीच शेवटची.

तिला ती नोकरी हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. गिरणीच्या संपानंतर भाऊ मुंबईहून नाचण्याला, गावच्या घरी, परत येऊन बसला होता. वहिनी, राही, तोंडानं काही बोलत नसे, पण ताटात भात वाढताना तिचा हात आखडायचा. शाळेची नोकरी म्हणजे स्वतःची खोली, म्हातारपणी पेन्शन, आणि कुणी तरी "बाई" म्हणून हाक मारणार. तिला सगळ्यात जास्त हाव त्या हाकेचीच होती.

मग मास्तरांना सांगावं की नाही? काजं करणारा बाबल्या दुसऱ्या दुकानात गेला, तर मास्तर चार वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते. त्यात मे महिना तोंडावर आलेला, गणवेशांचा ढीग पडलेला. नोकरी मिळाली नाही आणि मशीनही गेलं तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागेल! गोदानं कुणाला काही सांगितलं नाही. अर्जात अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'घरगुती शिवणकाम.' नमुन्याला फ्रॉक शिवला. रविवारच्या दुपारी पडवीत बसून छातीवर बारीक चुण्या घातल्या, गळपट्टी दुमडली, हात सवयीनं पोलक्याकडे गेला, सुई निघाली, तीन लाल टाके पडले. सोळा वर्षांचं वळण ते! तिला कळलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी शाळेचे सेक्रेटरी आत्मारामभाऊ दुकानात आले. गोदानं पडद्याआडून आवाज ओळखला आणि पाय मशीनच्या पायट्यावरच थबकला.

"मास्तर, हा फ्रॉक बघा. काम तुमच्या हातचं ना?"

मास्तरांनी गळपट्टी उलटली, बोटानं टाके चाचपले.

"म्हणजे काय! माझंच! असल्या चुण्या रत्नागिरीत दुसरं कोण घालतंय, दाखवा बघू."

"तेच म्हटलं मी. एका बाईनं स्वतःचा म्हणून अर्जाला जोडलाय. नाव सांगत नाही, बाईमाणसाची अब्रू. पण काय एकेक धाडस असतं बघा!"

गोदाच्या तोंडाशी शब्द आला होता. पडदा बाजूला सारायचा, 'हा मी शिवलाय' म्हणायचं, एवढंच. पण मग चोरून अर्ज केला हेही सांगायला हवं, आणि तेही ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या तोंडावर. ती उठली नाही. आत्मारामभाऊ फ्रॉक घेऊन गेले.

मशीन वाजत नाही म्हणून मास्तरांनी पडदा सारला. गोदा तोंडात पदर कोंबून रडत होती.

"काय गो झालं?"

"तो फ्रॉक माझा होता, मास्तर."

मास्तर तिच्या मशीनशी खाली बसले. 

"मग बोललीस का नाय गो तू?"

"तुम्ही 'माझंच' म्हणालात. मी काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी गोदाला आत शिवत ठेवून, दुकानाचं दार ओढून मास्तर शाळेत गेले. धोतर सावरत, जिने चढून, धापा टाकत सांगितलं, की बाई माझ्या दुकानातली आहे, काम तिचंच आहे, मी उगाच फुशारकी मारली. आत्मारामभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला.

"मास्तर, काल तुम्हीच म्हणालात ना माझं म्हणून? बाईच्या अर्जात तर तुमच्या दुकानाचं नावसुद्धा नाही. रडत आली असेल तुमच्याकडे. तुमचं मन मोठं आहे, पण पोरींच्या शाळेत असली बाई कशी घेऊ आम्ही?"

मास्तरांनी शपथ घेतली तरी आत्मारामभाऊ हसले. देवमाणूस म्हणून मास्तरांना फाटकापर्यंत पोचवायलाही आले.

परत येताना मास्तरांनी हिरव्या दोऱ्याचं एक रीळ विकत घेतलं आणि गोदाच्या मशीनवर ठेवलं. "आजपासून ही तुझी खूण. लाल घालू नको."

गोदानं रीळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "मास्तर," ती म्हणाली, "आता ती बघणार कोण?"

तिनं ते खणात टाकलं आणि ढिगातला वरचा गणवेश ओढला. शाळा जूनला उघडायची होती. मे सरता सरता ती जागा दुसऱ्या बाईंना मिळाली; त्या नव्या शिवणबाईंनी पोरींना आधी गळपट्टी शिकवायची ठरवली आणि नमुन्याला म्हणून लवू मास्तरांकडून एक शिवून मागवली. ती गोदानंच शिवली. आत तीन लाल टाके घातले.