भोंग्याच्या पट्टीतलं गाणं

आमची शाळा साखर कारखान्याच्या कॉलनीला लागून होती. दहावीच्या गॅदरिंगसाठी मी आणि वर्गातल्या एका मैत्रिणीने स्वतःचं गाणं केलं. शब्द माझे, चाल आणि पेटी तिची. तिचे वडील कारखान्यात होते आणि सराव त्यांच्याच क्वार्टरमध्ये चालायचा. रोज दुपारी पाळीचा भोंगा व्हायचा आणि त्या आवाजात माझा सूर घसरायचा. मी चिडून वही आपटायचो. शेवटी तिने भोंग्याचा सूर पेटीवर शोधला आणि अख्खं गाणं त्याच पट्टीत बसवलं.

गॅदरिंगला सरांनी आम्हाला शेवटी टाकलं. म्हणाले, "सिनेमातलं म्हणा की. भोंगा झाला की पालक उठणार, तुमचं कोण ऐकतंय?" माझं डोकं तापलं, पण त्या दिवशी मी वही आपटली नाही.

दुसऱ्या कडव्याला भोंगा झालाच. सवयीने पाळीवाले सगळे उठले, तिचे वडीलही. तिने पेटी थांबवली नाही. भोंगा आमच्याच सुरात वाजत होता, तानपुऱ्यासारखा, आणि मी त्यावर आवाज सोडला. भोंगा थांबला तेव्हा दारापर्यंत गेलेली माणसं मागे वळून उभी होती. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

तिचे वडील आयुष्यात पहिल्यांदा पाळीला उशिरा पोचले. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "पोरांचं गाणं हुतं. मांडा खाडा."