ओट्यावरचा अंगठा

माझी वहिनी रुचिता बेटेगावची. हाताला चैन नसलेली बाई. लग्न होऊन आमच्या पाम गावातल्या घरात आली तेव्हा कागदाचे झुमके करायची, मग मातीचे करायला लागली, मग मण्यांचे. नणंद म्हणून नावं ठेवणं हे माझं कामच होतं आणि ते मी मन लावून केलं. पण मोबाईलवर बघून बघून तिने चांदीची माती मागवली आणि सोबत ज्योत फेकणारा गॅसचा टॉर्च, तेव्हा मात्र मी सासरहून, माकुणसारहून, आले ती भांडायलाच आले.

कारण आमच्या घरात काडी पेटत नाही.

काही वर्षांपूर्वी तारापूरच्या एका केमिकल कंपनीत भडका उडाला आणि माझ्या भावाचे, निमेशदादाचे, दोन्ही हात भाजले. जीव वाचला, हातही वाचले, पण बोटांना नवी, गुळगुळीत कातडी आली आणि रेषा गेल्या त्या गेल्याच. आता तो दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहे. गेटवरचं पंचिंग मशीन त्याचा अंगठा घेत नाही. बाकीची माणसं अंगठा टेकवून आत जातात आणि दादा बाजूला उभा राहून वॉचमनला नाव सांगतो. “मशीनला इचारलं तर मी रोज गैरहजर हाय,” असं तो हसत सांगतो. मला ते हसणं अजिबात आवडत नाही.

आगीची त्याने एवढी धास्ती घेतली, की स्वयंपाक इंडक्शनवर होतो, देवापुढे बारका बल्ब लागतो आणि मागच्या दाराशी बादलीत गोणपाट कायम भिजत पडलेलं असतं. आग दिसली की ओलं गोणपाट टाकायचं, हे कंपनीत शिकवलेलं. त्या बादलीतलं पाणी तो स्वतः बदलतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

अशा घरात ही बया टॉर्च घेऊन आली! आई म्हणाली, “बंदूकच दिसते मेली.”

रुचिताने मला समजावलं. चांदीची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारं काहीतरी चिकट, अशी ती माती. कणकेसारखी मऊ. आकार द्यायचा, वाळवायची, टॉर्चने भाजायची. चिकट असतं ते जळून जातं आणि मागे नुसती चांदी उरते. ऐकायला सोपं वाटलं. झुमक्याचं पहिलं पान तिने गच्चीवर आईने सुकायला टाकलेल्या जवळ्याशेजारी, त्या बारीक कोलंबीशेजारी, वाळत घातलं. संध्याकाळी आईने बोटाने दाबून निकाल दिला, “सुकलाय. वरून कडक तो आतून पन कडक.”

जवळ्याला ते लागू पडतं. पण आमच्याकडची हवा अशी, की डबीतलं मीठसुद्धा ओलं होतं. पानाच्या पोटात ओल राहिली होती. टॉर्च लागताच ते फाटकन फुटलं. दादा बाहेरच्या खोलीत जेवत होता. ताट उडालं आणि तो अनवाणी पळाला तो थेट नाक्यावर जाऊन थांबला. आईने त्याला हाताला धरून घरी आणलं. रुचितावर तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “मी घरात असताना नको.” टॉर्च कपाटावर गेला. मला वाटलं, सुटलो.

मग आईने मागच्या ओट्यावर लाद्या बसवायचं काढलं. त्या ओट्याचं सिमेंट ओलं असताना दादाने, तेव्हा तो कॉलेजात होता, कोपऱ्यात अंगठा उमटवून ठेवला होता. आईने तेव्हा त्याला चांगला धुतला होता. पुढे त्याच्यावरून कोंबड्या फिरल्या, भांडी घासली गेली, कुणी बघितलंही नाही. रुचिताने बघितलं होतं. गवंडी यायच्या आदल्या दिवशी तिने तो खळगा ब्रशने घासला, खोबरेल लावलं आणि उरलेली सगळी चांदीची माती त्यात दाबून साच्यातून काढावी तशी अलगद सोडवून घेतली.

मला तिने फोनवर फक्त “ताई, या” म्हटलं. आले तर तळहातावर दादाचा अंगठा! रेष न् रेष उठलेली. भडक्याच्या आधीचा. दुसऱ्या दिवशी ओट्यावर लादी बसली. म्हणजे आता जगात तो अंगठा एवढाच होता, आणि तोही कच्च्या मातीचा. त्या दिवशी मी नावं ठेवली नाहीत. मला रडू आलं.

या वेळी रुचिताने जवळ्याचा हिशोब लावला नाही. कोमट तव्यावर तुकडा ठेवायची, मग उचलून गार आरशावर. आरशावर वाफ धरली की परत तव्यावर. असं करता करता आरसा स्वच्छ राहिला, तेव्हा कुठे ती उठली.

दादा कंपनीत होता, आई बोयसरच्या बाजारात. तापल्या चांदीचा रंग अंधारात नीट दिसावा म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या. विटेवर अंगठा ठेवला. रुचिताने टॉर्च पेटवला. थोडा धूर निघाला आणि मग तुकड्यालाच पिवळी ज्योत लागली.

“होतं असं,” ती म्हणाली. “चिकट जळतंय. आपोआप विजेल.”

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. दादा. कंपनीतली लाईट गेली म्हणून लवकर सोडलं होतं. त्याला खिडकीच्या फटीतून धूर दिसला असणार. दोन्ही हातांत ते ओलं गोणपाट, पाणी गळतंय, चेहरा पांढराफटक. नुसत्या आवाजाने नाक्यापर्यंत पळणारा माझा भाऊ, बायको आत आहे म्हणून आत आला होता. त्याने गोणपाट उगारलं.

“अवो, टाकू नका!” रुचिता किंचाळली. “तुमचा अंगठा हाय तो!”

दादा तसाच थांबला. ज्योत विझली. तुकडा हळूहळू केशरी झाला. आता तो रंग सांभाळत धरून ठेवायचा होता, टॉर्च ना जवळ ना लांब. मध्येच सोडलं तर चांदी धरत नाही, चुरा होतो.

“कुनाचा अंगठा?” दादाने विचारलं. त्याचे दात वाजत होते, पण तो दाराकडे सरकला नाही.

“तुमचा. ओट्यावरचा. आदीचा.”

हे सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण टॉर्च पुढे गेला. केशरी तुकड्याची एक बाजू आरशासारखी चमकली.

“वहिनी, पाणी होतंय!” मी ओरडले.

तिने टॉर्च मागे घेतला, तोवर व्हायचं ते झालं होतं. उरलेला वेळ तिने डोळ्यांतून पाणी गाळत, हात न हलवता पुरा केला. मग टॉर्च बंद. गोणपाटातलं पाणी फरशीवर पसरत माझ्या पायापर्यंत आलं.

गार झाल्यावर तिने तारेच्या ब्रशने घासलं तशी सायीसारख्या पांढऱ्या थराखालून चांदी निघाली. अर्ध्या अंगठ्यावर रेषा होत्या, ओट्यावर होत्या तशाच. उरलेला अर्धा वितळून सपाट झाला होता. रुचिताने तो परत विटेवर ठेवला आणि पदराने तोंड झाकलं. “मीच जाळला,” ती म्हणाली. “एवढा एकच होता, तो पन मी जाळला.”

मी खाली बसून फरशीवरचं पाणी पुसायला घेतलं.

दादाने गोणपाट खाली ठेवलं. हात शर्टाला पुसले. मग तो तुकडा उचलून स्वतःच्या अंगठ्याशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिला. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे.

“नुसता आदीचा असता तर कुना पोराचा वाटला असता,” तो म्हणाला. त्याने तिचा पदर बाजूला केला आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. “बग नीट. अर्दा आदीचा, अर्दा भाजल्यावरचा. आता जुळला.”