छळ म्हणायला शिकवणारी बाय

या, अशा जवळ बसा. दारात काय उभं राहायचं परक्यासारखं? आणि मघाशी काय म्हणालात? नातीला वर्गातल्या मुली जरा चिडवतात, त्यात काय एवढं? आमची बाय असती ना, तर हातातलं लाटणं तुमच्या खांद्यावर टेकवलं असतं तिने. मारायची नाही हो. नुसतं टेकवायची आणि म्हणायची, "जा, तिलाच इचार. तिला हसू येतंय का?"

उल्हासनगरला एका सिंधी बाईंचा पापडाचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन खोल्या आणि वर गच्ची. शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. मी अंबरनाथहून जायची, बाय खरवईहून. आम्हां सगळ्यांत वयाने मोठी. तिला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. शेठाणीसुद्धा बायच म्हणे. एकदा शेठाणी पीठ मळणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर "भैंस" म्हणाली, तर बायचं लाटणं थेट शेठाणीच्याच खांद्यावर! शेठाणीने वर पाहिलं, लाटणं बाजूला सारलं आणि म्हणाली, "अच्छा मेरी माँ, नहीं बोलूँगी."

तिथे बदलापूरजवळच्या सोनिवलीची एक पोर कामाला लागली. सतरा-अठराची, हात हलका, पण बोलताना अडखळायची. आमच्याकडे रीत अशी, की सूप ओल्या पापडांनी भरलं की "भरलं गं!" अशी हाक द्यायची. मग गच्चीवरची बाई खाली येऊन सूप उन्हात नेई. हाक उशिरा गेली की पापड एकमेकांना चिकटलेच.

ती "भ... भ..." करायची आणि आम्ही तिच्यामागे "भ... भ... भ..." करायचो. कधी तिचं होण्याआधीच कुणीतरी आपल्या सुपासाठी हाक मारून घेई. बाय पलीकडच्या खोलीत लाटायला बसायची, म्हणून आमचं फावायचं. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत हुबेहूब नक्कल माझी. माझ्या नकलेला सगळ्या हसायच्या आणि मला चेव यायचा. तिचे पापड रोज चिकटायचे. शेठाणीने तिला दोनदा दटावलं. मग एके दिवशी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"काय केलंत तिला?" बायने विचारलं.

"कुठे काय? फिरकी घेतली जरा."

"थोडी खेचली गं."

"मस्करी, बाय. आपल्यातलीच म्हणून केली."

बघा, शब्द किती आपल्याकडे! डिवचणं, टर उडवणं, टोमणे मारणं, फिरकी घेणं. बाय ऐकत राहिली. त्या दिवशी लाटणं कुणाच्या खांद्यावर गेलं नाही. म्हणाली, "माझी सासू मला उपाशी ठेवायची, त्याला वळण लावणं म्हणायची. शब्द गोड असला ना, की हाताला लाज वाटत नाय." सासरचं एवढंच बोलली ती, आधी नाही आणि नंतरही नाही. मग माझ्याकडे बघून, "रविवारी बदलापूर टेसनात ये. सोनिवलीला जायचंय."

गेले. नाही म्हणायची टाप कुणाची?

पोरीची आई दारातच बसली होती. घरात कमावती ती पोरच. आईने चहा दिला आणि विचारलं, "हिला काम येत नाय म्हणून काढली काय?"

मी म्हटलं, "नाही हो मावशी. आम्ही आपली मस्करीत जरा..."

बायने चहा उचलला नाही. माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हटलं, "मावशी, आम्ही छळलं तिला. मी सगळ्यांत जास्त."

पोर आतून बाहेर आली. म्हणाली, "म... मला का... काम येतं." एवढं म्हणायला तिला वेळ लागला. तिचं बोलणं संपेपर्यंत मी पहिल्यांदाच थांबले.

सोमवारी पोर परत कामावर आली आणि बायने शेठाणीला सांगून टाकलं, "आजसे कोई चिल्लाएगा नहीं. सूप भर गया तो लाटना पाटपे दो बार ठोकनेका."

"क्यों? हमेशा तो आवाज देते हैं."

"मेरा गला बैठ गया."

बायचा गळा! बोलली तर गच्चीवरच्या चिमण्या उडायच्या. शेठाणीने एकवार बायकडे, एकवार त्या पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठीक है, ठोको." मग सगळा कारखाना टकटक करू लागला. ती पोर लग्न होईपर्यंत तिथे होती आणि माझ्याशेजारीच बसायची. माझ्यापेक्षा पातळ लाटायची. उशिराच का होईना, माझ्याशी बोलायलाही लागली.

पुढे बायचे गुडघे गेले, काम सुटलं. खरवईहून कुणाकुणाच्या हाती निरोप यायचा, "येऊन जा गं एकदा." मी म्हणायची, पुढच्या रविवारी. घरचं, दारचं, असे किती रविवार गेले कोण जाणे. एकदाची गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "दहा दिस झाले तिला जाऊन." बायसाठी नेलेली खाऊची पिशवी शेजारणीकडे दिली आणि परत फिरले.

म्हणून सांगते, आता निघालात तर निघा, नातीला आजच विचारा, आणि लवकर या परत. पुढच्या रविवारी वगैरे म्हणू नका.